आपत्ती, सूचना आणि आत्याबाईंचा रस्ता

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. सकाळचा चहा घेता घेता हिंदी वर्तमानपत्र चाळीत असलेल्या आमच्या आत्याबाईंनी एकाएकी चष्मा सावरला आणि काळजीच्या सुरात विचारले, “अरे, आपल्या रस्त्यावर कसली आपत्ती यायची आहे? तीस दिवसांच्या आत आपत्ती द्या म्हणून इथं छापलंय!”

आम्ही पोट धरून हसलो. आमच्या घराजवळून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाची ती जाहीर सूचना होती आणि खाली ‘आपत्ति एवं सुझाव’ मागविले होते. हिंदीतील आपत्ती म्हणजे आपली हरकत, हे माळव्यात तीन पिढ्या काढलेल्या घरात कोणी सांगावयास नको. परंतु सकाळच्या घाईत आत्याबाईंच्या डोळ्यांनी हिंदी वाचले आणि मनाने मराठी. हा विनोद आम्ही पुढे महिनाभर सांगत हिंडलो. वाचनालयात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या बैठकीत सांगितला. सर्वत्र हशा पिकला. मात्र हसण्याच्या भरात ते तीस दिवस केव्हा उलटून गेले, ते आमच्या ध्यानीही आले नाही.

चौतिसाव्या दिवशी आम्ही एक सुबक अर्ज लिहून संबंधित कार्यालयात गेलो. खिडकीतील गृहस्थ सौजन्यशील होते. त्यांनी अर्ज वाचला, मान हलविली आणि म्हणाले, “बात तो सही है बाबूजी, पर तारीख निकल गई।” त्यांचा काहीही दोष नव्हता. तारीख काढून दिली होती ती आम्हीच.

पुढे रस्ता झाला. तो चांगला झाला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. खड्डे गेले, दिवे आले, पावसाळ्यात साचणारे तळे नाहीसे झाले. परंतु त्याबरोबर मधोमध कमरेएवढा दुभाजक आला आणि त्यावर लोखंडी कठडा. पलीकडे गणपतीचे देऊळ आहे. आत्याबाई गेली चाळीस वर्षे दर संकष्टीला चंद्रोदयापूर्वी तेथे जात असत. आता पलीकडे जावयाचे तर डावीकडे चौकापर्यंत चालत जावे, तेथे चहूबाजूंनी येणाऱ्या वाहनांतून वाट काढावी आणि पुन्हा तितकेच उलट यावे. दोनदा त्यांनी तेही केले. दुसऱ्या खेपेस एका मोटारसायकलचा आरसा पदराला अडकून गेला. पडल्या नाहीत; परंतु त्यानंतर त्यांनी देवळात जाणे सोडले. “देव काय, खिडकीतूनही दिसतो,” असे त्या म्हणाल्या. वास्तविक आमच्या खिडकीतून देऊळ दिसत नाही. दिसतो तो दुभाजक.

वाचकहो, येथे अपघात झाला नाही. कोठे नोंद झाली नाही, पंचनामा झाला नाही, कोणाच्या अहवालात एक आकडा वाढला नाही. तरीही एका माणसाचे जग एका रस्त्याने निम्मे झाले. आपल्यापैकी किती घरांत असे मुकाट्याने घडले असेल, याचा विचार करू लागलो तेव्हा आमचा तो विनोद आम्हांस कडवट लागू लागला. आपत्ती शब्दाचा आत्याबाईंनी लावलेला अर्थच अखेर खरा ठरला होता.

जे अपघात नोंदले जातात त्यांचे आकडे तर अस्वस्थ करणारे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पादचारी आणि दिवसाला सरासरी नव्वद. साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार त्याखेरीज. ज्याच्याकडून कोणाला इजा होण्याचा संभव सर्वांत कमी, तोच एवढ्या संख्येने मरावा, हा व्यवस्थेचा दोष आहे. पायी चालणाऱ्याच्या बेसावधपणाचा नव्हे.

मग पायी चालणारा हरकत का घेत नाही? आम्ही त्या कार्यालयात सहज चौकशी केली होती. आलेले अर्ज बहुतेक अशांचे होते की ज्यांची भिंत, दुकानाची पायरी किंवा कुंपण रुंदीकरणात जाणार होते. त्यांत गैर काही नाही. ज्याचे जाते तो बोलतो. परंतु पायी चालणाऱ्याचे काय जाते, हे कोणत्याही नकाशावर दाखविलेले नसते. शिवाय पायी चालणारा स्वतःला ‘पायी चालणारा’ असे कधी समजतच नाही. दुकानदार हा दुकानदार असतो, रिक्षावाला रिक्षावाला असतो. पण दूध आणावयास निघालेली गृहिणी, शाळेत जाणारे पोर, मोटार लांब उभी करून कचेरीकडे निघालेला वकील, बसमधून उतरलेला मजूर, हे सारे एकाच वर्गाचे लोक आहेत, असे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून जो वर्ग संख्येने सर्वांत मोठा, त्याचा आवाज सर्वांत लहान.

आमच्या इंदूरचीच गोष्ट घ्या. एके काळी हे गाव सायकलींचे होते. पहाटे गिरण्यांचा भोंगा वाजला की मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांच्या दिशेने सायकलींचा लोंढा वाहू लागे. डब्याची पिशवी दांड्याला, धोतराचा सोगा क्लिपेत. रात्री सायकलीला दिवा नसला तर पोलीस शिपाई चाकाची हवा सोडून देई आणि डबलसीट पकडले गेल्यास बऱ्यापैकी बोलणी खावी लागत. तेव्हा सायकल ही कायद्याच्या दृष्टीने रीतसर वाहन होती. तिला नियम होते, म्हणून तिला मानही होता. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, इतरही मिटत गेल्या. सायकली मात्र अजून आहेत. बांधकामावर जाणारे, घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारे, शाळकरी मुली, चौकीदार अद्यापि त्याच वाहनावर आहेत. फरक एवढाच की, त्यांच्यापैकी कोणी आता नकाशा काढणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

येथे २०१३ साली आग्रा–मुंबई रस्त्यावर सुमारे साडेअकरा किलोमीटरचा जलद बसमार्ग सुरू झाला. त्यावर बारा वर्षे वाद चालला. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अनुमती दिल्यावर तो काढण्यास प्रारंभ झाला. तो ठेवावा की काढावा, याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. आम्ही त्यात भर घालीत नाही. परंतु या सर्व गदारोळात एक साधी गोष्ट आम्हांस फारशी कोठे ऐकू आली नाही. बसथांबे रस्त्याच्या मधोमध होते. म्हणजे बसमध्ये चढणारा प्रत्येक मनुष्य प्रथम पायी रस्ता ओलांडणारा होता. वाद झाला तो बसच्या रांगेचा आणि मोटारींच्या रांगेचा. त्या दोन रांगांमधून जीव मुठीत धरून जाणाऱ्याचा पक्ष मांडावयास त्या खटल्यात जणू वकीलच नव्हता.

आणि गंमत पाहा, याच इंदूरला शंभर वर्षांपूर्वी लोकांना बरोबर घेऊन नगररचना कशी करावी याचा एक अपूर्व धडा मिळालेला आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान मुळात जीवशास्त्राचा अभ्यासक. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने अनेक शहरांचे अहवाल लिहिले. बडोदे संस्थानासाठी त्याने १९१६ साली अहवाल दिला. होळकर दरबारासाठी लिहिलेला इंदूरचा प्रचंड अहवाल १९१८ चा. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा प्राध्यापकही झाला. हा गृहस्थ शहर समजून घ्यावयाचे तर प्रथम ते पायी हिंडे. बोळांतून, परसांतून, विहिरींच्या काठांवरून. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता आरपार काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीस त्याचा सक्त विरोध असे. पडझड झालेले एखादे घर काढावे, तेथे झाडाखाली चौक मोकळा करावा, बोळ थोडा सरळ करावा, आणि माणसे आहेत तेथेच राहू द्यावीत, असे त्याचे वैद्यक होते. रोग्याचे जितके राखता येईल तितके राखणारी ही शस्त्रक्रिया.

त्या वेळी शहरात प्लेगची भीती होती. लोक सरकारी माणसाला बिचकत. तेव्हा गेडिसने एक युक्ती योजली. दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या मिरवणुकीची व्यवस्था त्याने दरबाराकडून आपल्या हाती घेतली आणि असे जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या ठरीव मार्गाने जाणार नाही; ज्या रस्त्यांवरील रहिवासी आपली घरे आणि अंगणे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त ठेवतील, त्या रस्त्यांनी जाईल. झाले! गल्लीगल्लीत चुरस लागली. गाडेच्या गाडे कचरा निघाला, भिंतींना रंग चढला. मिरवणुकीत हत्ती होते, घोडदळ होते, पिकांच्या गाड्या होत्या. घाणीचा प्रचंड राक्षस होता आणि प्लेगचा उंदीरही होता. त्यांचे शेवटी दहन झाले. पण सर्वांत मोठा मान होता तो सफाई कामगारांचा. शुभ्र कपडे, गळ्यात हार, खांद्यावर नवे झाडू, असे ते मिरवणुकीत चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. ही सारी हकीकत पुढे गेडिसने स्वतःच सांगून ठेवली आहे.

आमच्या मते या कथेचे मर्म मिरवणुकीच्या थाटात नाही. मर्म हे की, लोकांचे मत त्याने कागदावर मागितले नाही. त्यांच्या उंबरठ्याशी मागितले. मार्ग कोणता, हे दरबाराने ठरविण्याऐवजी गल्लीने ठरविले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झाँक्या पाहावयास आपण आजही रस्त्याच्या कडेला गर्दी करतो. मिरवणूक कोणत्या मार्गाने जावी याविषयी आपल्यापैकी प्रत्येकाचे ठाम मत असते. रोजच्या मार्गाविषयी मात्र आपण मौन पाळतो, हे मोठे नवल आहे.

मौन सोडल्याने काय होते, याचे परदेशातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आज हॉलंड म्हटले की सायकली डोळ्यांसमोर येतात. परंतु ते तसे अनादिकाळापासून नव्हते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे तीन हजार तीनशे माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अशाच एका अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आया आपल्या मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या, खेळावयास रस्ते अडविले, आणि त्याचबरोबर नगररचनेच्या अधिकाऱ्यांपुढे नकाशे घेऊन उभ्या राहिल्या. यांतील शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसत्या संतापाने वाहतूक चार दिवस थांबते. नकाशा बदलला तर ती कायमची शहाणी होते.

आता आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते पाहू. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ सालचा आहे. त्याखाली शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना देण्यास तीस दिवस मिळतात. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात ही मुदत दोन महिन्यांची आहे, हे आमच्या बडोद्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. रस्त्यावरील विक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा आहे आणि त्याखालील समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावे लागतात. आणि १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, अडथळा नसलेला व अपंगांनाही वापरता येण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. हा विषय न्यायालयापुढे नेणारे गृहस्थ कोइमतूरचे एक अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. मोडलेली हाडे जोडता जोडता ती मोडतात कोठे, याचा त्यांनी शोध घेतला असावा.

तात्पर्य, दार उघडे आहे. प्रश्न आपण आत जातो की नाही एवढाच. गेल्या वर्षी त्याच रस्त्याच्या पुढील टप्प्याची सूचना निघाली. या खेपेस ती प्रथम आम्ही वाचली आणि पहिल्याच आठवड्यात कामाला लागलो. त्या अनुभवातून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोजणे. ‘रस्ता धोक्याचा आहे’ असे लिहिले तर वाचणारा मान डोलावतो आणि कागद फायलीत जातो. म्हणून आम्ही अंगणात खडूने दहा मीटरांच्या दोन रेघा ओढल्या आणि आत्याबाईंना त्यांच्या नेहमीच्या चालीने काठी टेकत चालावयास सांगितले. पंधरा सेकंद लागले. आमचा रस्ता वीस मीटर रुंद. म्हणजे त्यांना पलीकडे पोहोचावयास तीस सेकंद हवेत. अभियंते सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात. त्या हिशेबाने रस्ता सतरा सेकंदांत ओलांडून व्हावा. उरलेले तेरा सेकंद आत्याबाई वाहनांच्या दयेवर असतात.

हिशेब पुढे नेला. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची मोटार तीस सेकंदांत चारशे मीटरांहून अधिक अंतर तोडते. तेवढा मोकळा रस्ता शहरात कधी मिळणार? परंतु दुभाजकाच्या जागी मध्येच सुरक्षित उभे राहावयास मिळाले, तर एका वेळी दहाच मीटर, पंधराच सेकंद आणि एकाच दिशेची वाहने. तेव्हा दोनशे मीटरांची मोकळीक पुरे. वेग ताशी तीस किलोमीटरवर आणला तर सव्वाशे मीटर. शिवाय वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथा हिस्सा होतो, हे शाळेत शिकलेले गणित आहेच. वस्तीच्या रस्त्यांवर ताशी तीसची मर्यादा असावी, असा आग्रह २०२० सालच्या स्टॉकहोम परिषदेच्या जाहीरनाम्यातही धरलेला आहे. हे सारे एका पानावर, आकृतीसह मांडले. ज्या कागदाला उत्तर द्यावे लागते, असा कागद तयार झाला.

दुसरी गोष्ट, नियमाचा आधार. भारतीय रोड काँग्रेसने २०१२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, त्यावरील मोकळी उंची २.२ मीटर आणि काठाची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. मोकळी म्हणजे विजेचा खांब, फलक, झाडाचा कट्टा हे सर्व सोडून. आम्ही टेप घेऊन निघालो. आमच्या भागातील पदपथाचा काठ कित्येक ठिकाणी गुडघ्यापर्यंत येत होता. असा पदपथ बांधणे म्हणजे म्हाताऱ्यांस व बाळाची गाडी ढकलणाऱ्या आयांस रस्त्यावरूनच चाला, असे सांगणे होय. लोक पदपथ वापरीत नाहीत, ही तक्रार करणाऱ्यांनी एकदा त्यावर चढून पाहावे.

तिसरी गोष्ट, पाहणे. सकाळी व शाळा सुटण्याच्या वेळी आम्ही, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली असे चौकात वही घेऊन उभे राहिलो. शाळा सुटते त्या अर्ध्या तासात सायकली मोटारींहून अधिक भरल्या. सायकलवरील मुली कोठे उतरून हातात सायकल धरतात, ते मुलींनी टिपले. आम्हांस ते सुचलेच नसते. जेथे सायकलस्वार खाली उतरतो, तेथे रस्ता चुकलेला असतो, हा त्यांचा निष्कर्ष आम्ही अर्जात जसाच्या तसा घातला.

चौथी गोष्ट, एका अर्जात एकच मागणी, जागेच्या खुणेसह. आणि अर्जाची पोच अवश्य घ्यावी. सुनावणीस जावे. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकाराखाली विचारावे. त्याचीही मुदत तीस दिवसांचीच आहे, पण या वेळी ती त्यांची असते.

आत्याबाईंनी आपला अर्ज स्वतः लिहिला, मराठीत. हिंदीत हवा म्हणून आमच्या नातवाने खाली भाषांतर जोडले. त्यात मागणी अशी होती की, दुभाजकात काठी घेऊन उभे राहता येईल एवढी जागा सोडावी. शीर्षस्थानी मात्र त्यांनी ‘आपत्ती’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि तो शब्द बदलावयास साफ नकार दिला.

सुनावणीस आम्ही अकराजण गेलो. दुकानदार मंडळीही होती. पदपथ रुंद केल्यास गिऱ्हाइकांनी मोटारी कोठे उभ्या कराव्या, ही त्यांची चिंता. आणि ती खोटी म्हणता येत नाही. भाजीवाल्या बाईंना भीती वेगळीच, की पदपथाच्या नावाखाली आपल्याला उठवतील. आमच्या मागणीने तिची टोपली रस्त्यावर येणार असेल, तर ती मागणी अपुरी आहे, हे आम्हांस तेथे कळले. तेव्हा विक्रेत्यांसाठी कडेची वेगळी पट्टी आखावी, असे आम्ही पुरवणी अर्जात जोडले. निरनिराळ्या लोकांचे म्हणणे एकाच खोलीत ऐकण्याचा हाच लाभ. आपले म्हणणे थोडे शहाणे होऊन बाहेर पडते.

परंतु खरा धडा त्यानंतर मिळाला. पंधरा दिवसांनी एक तरुण अभियंता जागा पाहावयास आला. आम्ही उत्साहाने त्याला उंच काठ, वाकडे खांब, सारे दाखवीत चाललो. आमच्या फाटकापाशी तो थांबला, खाली पाहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “बाबूजी, इस तरफ का पहला अतिक्रमण तो आपका ही है।” आमची मोटार आत घेण्यासाठी बांधलेला सिमेंटचा उतार पदपथावर चांगला चार फूट पुढे आला होता. शेजारी आम्ही हौसेने लावलेली मेंदीची वई होती, तीही पदपथावरच. वीस वर्षे आम्ही त्यावरून ये-जा केली आणि वीस वर्षे इतर लोक त्याला वळसा घालून रस्त्यावर उतरत आले. हिशेब घरापासून सुरू करावा, हे आम्ही इतरांस पुष्कळदा या पानावरून सांगितले आहे. त्या दिवशी आम्हांस खाली मान घालावी लागली.

पुढील रविवारी गवंडी बोलावून तो उतार तोडला. मेंदी काढताना जिवावर आले. मोटार आता आत घेताना खालून घासते आणि प्रत्येक वेळी आम्हांस त्या तरुणाची आठवण होते.

फलित काय, असे वाचक विचारतील. मोठे काही नाही. पदपथाच्या रुंदीचा आणि सायकलींच्या पट्टीचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. आमची पुढची तारीख आम्ही दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे. मात्र यंदा गणेशोत्सवापूर्वी देवळासमोर दुभाजकाचा कठडा तीन हात कापण्यात आला, मध्ये उभे राहावयास ओटा झाला आणि दोन्ही बाजूंस पांढरे पट्टे आखले गेले. वाहने पट्ट्यांपाशी नेहमी थांबतात असे नाही. म्हणून आत्याबाईंना अजून सोबत लागते.

गेल्या संकष्टीला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पहिले दहा मीटर झाल्यावर त्या ओट्यावर थांबल्या, दोन्ही हात काठीवर ठेवून श्वास घेतला आणि इकडेतिकडे पाहिले. दोन्ही अंगांनी वाहने धावत होती. “जागा बरीच आहे रे,” त्या म्हणाल्या, “दोघी उभ्या राहू शकतील. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींनाही उद्या सांगते.”

वाचकहो, आपल्या गावी अशी सूचना निघेल तेव्हा ती वाचा. आणि हसू आले तरी तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा.